बायपासनंतरचा कट्टा

बायपासनंतर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं. गप्पा मारा, असं चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. मुलुंडच्या चिंतामणराव देशमुख उद्यानात त्या फुकट मिळाल्या. गुडघे बदललेले एक गुजराती काका 'मराठीभाऊ, आज किती फेऱ्या?' विचारतात आणि डायबेटिसवाल्या मावशींच्या पिशवीतली चिक्की लंपास करतात. त्या ओरडतात. मला हसू फुटतं, टाके ओढतात, मी छातीशी उशी धरतो. हो, बागेतही!

डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली अंधेरीच्या लोखंडवालात पाचजणांना घेऊन हास्यक्लब काढला. तो जगभर गेला. ठरवून हसणं मला जमत नाही, पण पाचजण जमणं महत्त्वाचं. म्हणून बागांत सेल्फी पॉइंट कमी करा, पाठ टेकायला बाक वाढवा. आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना विचारा.