पगार, पैज आणि पेशा

निगडी-आकुर्डीपासून भोसरीमार्गे थेट चाकण-म्हाळुंगेपर्यंत पसरलेल्या कारखानदारीच्या ज्या पट्ट्यात एका पिढीपूर्वी मुलाला 'कंपनीत चिकटवून देणे' ही बापाच्या कर्तबगारीची परिसीमा मानली जात असे, त्याच पट्ट्यात आज एखादा तिशीच्या आतबाहेरचा तरुण चालू नोकरीचा राजीनामा लिहून देतो आणि कारण विचारले असता 'क्रिप्टोत फुल टाइम उतरतोय' असे निर्विकार मुद्रेने सांगतो, हे आता कोणास नवलाचे वाटेनासे झाले आहे. या राजीनाम्याची भलामण करणारा एक पक्ष आहे, त्याची टवाळी करणारा दुसरा. दोघांच्याही युक्तिवादात आम्हांस खोट दिसते. परंतु पहिल्या पक्षाच्या नादाने संसार उघड्यावर पडण्याचा संभव असल्याने त्याचा समाचार अगोदर घेणे प्राप्त आहे.

पूर्वपक्षाला त्याचे न्याय्य माप मात्र दिले पाहिजे. तो म्हणतो की नोकरीची शाश्वती ही तुमच्या पिढीची दंतकथा होय. १९५४ साली सरकारने पिंपरीत काढलेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना, ज्याच्या वसाहतीत घर मिळणे हे एके काळी भाग्याचे लक्षण होते, त्याच्याच कामगारांवर पुढे महिनोन् महिने थकलेल्या वेतनासाठी तगादा लावण्याची पाळी आली. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातील उत्पादन २००७ साली थांबले. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली थाटामाटाने सुरू झाला आणि २४ डिसेंबर २०२० रोजी तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. पुढे तो ह्युंदाईने विकत घेतला, पण ज्यांनी त्या लाइनवर उमेदीची वर्षे घातली होती त्यांना न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. आणि हे झाले पर्मनंट कामगारांचे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे, ज्याचा 'ब्रेक' ठरलेल्या मुदतीला येतोच येतो, त्याला सुरक्षिततेचे प्रवचन कोणत्या तोंडाने द्यावे?

हा सारा भाग आम्ही विनातक्रार मान्य करतो. किंबहुना जे वडीलधारे अजूनही 'चिकटून राहा, सगळे ठीक होईल' असे सांगतात, त्यांनी चाकणच्या कोणत्याही कंपनीच्या फाटकाशी पाळी सुटताना उभे राहून बाहेर पडणाऱ्यांपैकी कायम किती आणि कंत्राटी किती, हे एकदा विचारून पाहावे. परंतु नोकरी अशाश्वत आहे, एवढ्यावरून ती सोडून ज्यात उतरायचे ते शाश्वत ठरत नाही. आणि मुख्य म्हणजे पगाराची खरी मातब्बरी त्याच्या शाश्वतीत कधी नव्हतीच. दरमहा सात-दहा तारखेला जी बेताची का होईना पण नेमकी रक्कम खात्यावर जमा होते, ती माणसाला थांबण्याची मुभा देते. बाजारात थांबता येणे हीच सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि राजीनामा देणारा नेमकी तीच वस्तू फुकट देऊन टाकतो.

हे नुसते शब्द नव्हेत, हिशेब मांडून पाहू. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असलेला आणि ७ वर्षे सेवा झालेला एक कामगार घ्या. ग्रॅच्युइटीच्या कायदेशीर रीतीप्रमाणे दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून, म्हणजे १,०५,००० रुपये त्याच्या 'फुल अँड फायनल'च्या कागदावर येतील. वर शिल्लक रजेचे पैसे, आणि नोटिशीची मुदत न भरल्यास त्यातून वजावट. ही ग्रॅच्युइटी त्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे बिटकॉइनचा भाव ६९,००० डॉलरांच्या घरात असताना, त्यात घातली असती तर बरोबर वर्षाने, एफटीएक्स नावाची बहामातील पेढी कोसळली आणि भाव १६,००० डॉलरांच्याही खाली आला तेव्हा, सात वर्षांच्या त्या घामाची किंमत पंचवीस हजारांच्या आसपास उरली असती. यावर पूर्वपक्ष तत्काळ म्हणेल की डिसेंबर २०२४ मध्ये तोच भाव एक लाख डॉलरांच्या वर गेला, तेव्हा ज्याने धीर धरला तो फायद्यातच राहिला. अगदी खरे, पण तीन वर्षे धीर धरला कोणी? ज्याच्या घरचे वाणसामान, मुलाची फी आणि मोशीच्या फ्लॅटचा हप्ता पगारातून भागत होता त्याने. ज्याने पगारावर पाणी सोडले होते त्याला दर महिन्याच्या पाच तारखेला, भाव असेल त्या भावाने, मुद्दल मोडूनच हप्ता भरावा लागला असता; आणि पुढे भाव चढला तेव्हा त्याच्यापाशी चढायला काही शिल्लक राहिले नसते. एकाच नाण्यात, एकाच दिवशी, सारखीच रक्कम घालणारे हे दोघे. एक तरतो, एक बुडतो. त्यात बुद्धीचा वा धाडसाचा फरक काडीमात्र नाही, फक्त पगाराचा आहे.

'आम्ही धरून बसणारे नाही, आम्ही रोजची खरेदी-विक्री करणारे,' असे म्हणणाऱ्यांचे समाधान सरकारने आपल्या परीने करून ठेवले आहे. १ एप्रिल २०२२ पासून या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि त्यातील कलम असे की एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे वर्षभरात एका नाण्यात तीन लाख मिळाले आणि दुसऱ्यात तीन लाख गेले, तर हाती शून्य आणि सरकारला देणे नव्वद हजार, वर उपकर वेगळा. शिवाय त्याच वर्षी १ जुलैपासून प्रत्येक विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का उगमस्थानीच कापला जातो, मग त्या विक्रीत नफा झालेला असो वा नुकसान. दहा लाखांचे भांडवल वीस वेळा फिरवले की, भाव तसूभर न हलतादेखील, एक लाख ऐंशी हजारांहून अधिक रक्कम सरकारदरबारी अडकून पडते. ती विवरणपत्र भरल्यावर परत मिळेल किंवा करात जमा होईल, हे खरे, पण तोवर घर कशावर चालवायचे? ही करपद्धती न्याय्य आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तोटा नामंजूर करून नफ्यावर मात्र हक्क सांगणे ही सावकारी झाली. तथापि कायदा जसा आहे तसा धरूनच माणसाने आपल्या उपजीविकेचा विचार करायचा असतो. आणि या कायद्याखाली वारंवार खरेदी-विक्री हा चरितार्थाचा मार्ग होणे जवळजवळ अशक्य आहे.

इथे पूर्वपक्ष आपला राखून ठेवलेला मोहरा पुढे करतो: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरीवर लाथ मारली म्हणूनच महाराष्ट्राला किर्लोस्करवाडी दिसली ना? हा दाखला देणाऱ्यांनी तो एकदा नीट वाचावा, ही नम्र विनंती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना लक्ष्मणराव सायकली घेऊन बेळगावी पाठवीत आणि तिथे बंधू रामूअण्णा त्या विकीत; दुकान १८८८ चे, आणि नोकरी सुटली ती १८९७ च्या सुमारास, हक्काची बढती डावलली गेली म्हणून. याचा अर्थ असा की ज्याला नोकरीवर लाथ मारणे म्हणतात त्याच्या मागे कित्येक वर्षांचा, पगार चालू असतानाचा, चालता धंदा उभा होता. पुढे लोखंडी नांगर काढला तर तो खपेना. पहिली गिऱ्हाइके मिळायला दोन वर्षे जावी लागली. पण नांगर शेतात घालून पाहता येत होता. शेतकऱ्याचा विश्वास बसायला उशीर लागला, तरी तो बसला तो फाळ जमिनीत किती खोल जातो ते पाहून, भाव उद्या चढेल या आशेने नव्हे.

आणि या पट्ट्याला तर दाखल्यासाठी बेळगावपर्यंत जाण्याचेही कारण नाही. अमित भारद्वाज नावाच्या इसमाने काढलेल्या गेनबिटकॉइन या योजनेत बिटकॉइन गुंतवले असता दरमहा १० टक्के, तेही १८ महिन्यांपर्यंत, परत देण्याचे आश्वासन होते. पुण्यातील दत्तवाडी आणि आपल्या निगडी पोलीस ठाण्यात तिच्याविरुद्ध फिर्यादी दाखल झाल्या. २०१८ साली भारद्वाज पकडला गेला, २०२२ च्या जानेवारीत मरण पावला. एकूण रक्कम सुमारे ६,६०० कोटींची, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. शेवटी शेवटी गुंतवणूकदारांच्या हाती बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच नाणे ठेवण्यात आले, ज्याला बाहेर कोणी विचारीना. आमचे लक्ष मात्र त्या योजनेतील एका दुय्यम व्यवस्थेकडे जाते: नवा माणूस आणणाऱ्यास दलाली होती. 'क्रिप्टोत काम करतो' असे सांगणाऱ्या पुष्कळांचे काम त्या काळी एवढेच होते, की मेहुणा, चुलतभाऊ आणि बाजूच्या मशीनवरचा सोबती यांना हॉटेलातील सभेला घेऊन जायचे. पुढे तर पुणे पोलिसांनी तपासाच्या मदतीस घेतलेल्या दोन सायबरतज्ज्ञांवरच जप्तीतील नाणी वळवल्याचा आरोप येऊन २०२२ च्या मार्चमध्ये त्यांना अटक झाली. त्याच सुमारास, ताथवड्यातील एका हॉटेलातून बिटकॉइनसाठी माणूस पळवल्याच्या गुन्ह्यात पिंपरी-चिंचवड पोलीस दलातीलच एक शिपाई आरोपी म्हणून पकडला गेला. त्याने निदान राजीनामा दिलेला नव्हता. आजारपणाच्या रजेवर होता, असे म्हणतात.

एवढे झाल्यावर टवाळखोर पक्षाला हर्ष होणे स्वाभाविक आहे. 'सगळाच जुगार, सगळीच लबाडी,' असा त्याचा निवाडा. परंतु हा निवाडा आळसातून आलेला आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवसायाशी संबंध ठेवण्यास मनाई केली होती; ती मनाई ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि केली ती धंदा पवित्र आहे म्हणून नव्हे, तर कायदेशीर धंद्याचा गळा घोटण्याइतके नुकसान बँकांना झाल्याचे रिझर्व्ह बँकेला दाखवता आले नाही म्हणून. २०१७ साली मुंबईत जयंती कानानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी मॅटिक या नावाने जे काम आरंभिले आणि जे पुढे पॉलिगॉन म्हणून जगभर वापरले गेले, ते संगणकशास्त्राचे काम होते. इथेरियमच्या जाळ्यावर व्यवहारांची गर्दी होऊन खर्च वाढत होता, त्यावर तोड काढण्याचे. हिंजवडीत बँकांच्या प्रणाली लिहिणारा अभियंता अशा कामाकडे वळू म्हणाला तर त्याला जुगारी म्हणणे म्हणजे छापखान्यातल्या कंपोझिटरला मटक्याचे आकडे छापल्याबद्दल जबाबदार धरणे होय.

तेव्हा आमचा पक्ष असा. या क्षेत्रात पेशा आहे आणि पैज आहे, आणि राजीनामा देणाऱ्याने स्वतःस विचारायचे ते एवढेच की भाव निम्म्यावर आला तर माझ्या कामाचा मोबदला देणारा कोणी उरतो काय. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची संहिता तपासून तिच्यातील भोके शोधणारा उरतो. चोरी झाल्यावर तर त्याला अधिकच मागणी येते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो-पेढीच्या तिजोरीतून तेवीस कोटी डॉलरांहून अधिक किमतीची नाणी गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले, त्यानंतर ही परीक्षा कोण करते हे सगळेच विचारू लागले. मार्च २०२३ पासून काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा अशा पेढ्यांना लागू झाल्याने ग्राहकांची ओळख पटवणारे, संशयास्पद व्यवहारांची नोंद ठेवणारे, करविषयक सल्ला देणारे यांचीही गरज आहे. अर्थात हाही पेशा भावाच्या लहरीपासून मुक्त नाही. मंदीत, २०२२ च्या ऑक्टोबरात, त्याच वझीरएक्सने नोकरवर्गाचा मोठा हिस्सा कमी केला होता. पण तिथून सुटलेल्याच्या हाती विद्या राहते, ती बँकेत चालते, विमा कंपनीत चालते. आलेख पाहून 'आता वर जाईल' असे म्हणण्याची विद्या मात्र कोणत्याही पगारपत्रकावर चढत नाही. पेशाकडे जाणाऱ्याने ती विद्या अगोदर रात्री बसून कमवावी, कोणी अनोळखी माणूस तिच्यासाठी रोख पैसे मोजतो हे एकदोनदा पाहावे, मग खुशाल कागद द्यावा. त्याला अडवणाऱ्याशी आम्ही भांडू.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, की नोकरी माझी, पैसे माझे, बुडालो तर मी बुडेन, इतरांनी नाक खुपसू नये. औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या माणसाने हे म्हणावे याचे आश्चर्य वाटते. इथल्या बहुतेक जुन्या कंपन्यांत कामगारांची पतसंस्था असते. बहिणीच्या लग्नाला, गावच्या विहिरीला किंवा घराच्या डिपॉझिटला तिथूनच कर्ज काढलेले असते, आणि त्याच्या अर्जाखाली दोन जामीनदारांच्या सह्या असतात. ते जामीनदार म्हणजे कोणी धनको नव्हेत. शेजारच्या मशीनवरचे, एकाच बसने येणारे, कॅन्टीनमध्ये एका बाकावर डबा उघडणारे. कर्जाची वसुली पगारातून होते, म्हणून तर ते कर्ज मिळते. राजीनामा मंजूर झाला, 'फुल अँड फायनल'मधून थकबाकी पुरती फिटली नाही आणि नव्या धंद्यातून हप्ता आला नाही, की पतसंस्थेचा सचिव नेहमीच्या छापील नमुन्यावर पत्र काढतो. ते कंपनीच्या पगार विभागाला जाते, आणि पुढच्या महिन्यापासून ज्यांनी आयुष्यात एकही बिटकॉइन पाहिलेला नाही अशा दोघांच्या पगारातून ती रक्कम कापायला सुरुवात होते.