भिवंडीला खाडी आहे, मग प्रवास पुलावरूनच का?

फिलिपिन्स किंवा इंडोनेशियाला फिरायला जाणारा माणूस आधी फेरीचं वेळापत्रक बघतो. बेटांचा देश म्हटल्यावर बोट आलीच. पण नकाशा नीट बघितलात तर आपणही बेटावरच ये-जा करतो. ठाणं आणि मुंबईची उपनगरं साष्टी बेटावर आहेत, भिवंडी मुख्य भूमीवर. मध्ये खाडी. ती ओलांडायला बहुतेकांकडे एकच उत्तर आहे, कशेळीचा पूल. तिथे गोदामांचे कंटेनर, रिक्षा, एसटी आणि बाईक एकाच रांगेत अडकतात.

लोकलचं म्हणाल, तर भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर आहे. तिथून सीएसएमटीला थेट लोकल नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं.

पाण्याचा रस्ता मात्र कागदावर केव्हाच तयार आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यातला ५३ क्रमांकाचा कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग भिवंडीच्या काठावरूनच जातो. पहिल्या टप्प्यातल्या जेट्टींच्या यादीत कोलशेत आणि डोंबिवलीसोबत भिवंडी तालुक्यातलं काल्हेरही आहे.

पण जेट्टी बांधली की प्रवासी येतात, असं होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई-बेलापूर वॉटर टॅक्सी गाजावाजात सुरू झाली. स्पीडबोटीचं भाडं शेकड्यांत. रोज कामाला जाणाऱ्याला ते कसं परवडणार? उलट २० फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रोचं गणित सोपं आहे. रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा, पाण्यातून जेमतेम साडेतीन. गाडीसकट पलीकडे.

भिवंडीला रो-रोपेक्षा साधी प्रवासी बोट जास्त कामाची, असं मला वाटतं. काल्हेर आणि कोलशेत खाडीच्या आमनेसामने आहेत, पण रस्त्याने जायचं तर कशेळीला वळसा. इथे खरा प्रश्न आहे तो उतरल्यावरचा. कोलशेतच्या धक्क्यावर टीएमटीची बस उभी नसेल आणि काल्हेरला शेअर रिक्षा मिळणार नसेल, तर पाण्यात वाचलेली मिनिटं काठावर जातील. शिवाय ओहोटीला खाडीत गाळ उघडा पडतो, म्हणजे बोटीची वेळ पाळायची तर गाळ काढत राहायला हवा.

कोचीने हे जमवलं आहे. एप्रिल २०२३ पासून तिथली वॉटर मेट्रो आसपासच्या बेटांना विजेवरच्या बोटींनी जोडते. तिकीट २० रुपयांपासून, आणि मेट्रोचं कार्ड बोटीतही चालतं. म्हणून ती पर्यटकांइतकीच बेटावरच्या नोकरदारांचीही झाली.

त्यामुळे काल्हेरच्या जेट्टीची पुढची बातमी आली की उद्घाटनाच्या फोटोआधी तीन गोष्टी शोधा: तिकीट किती, बोट दर किती मिनिटांनी, आणि धक्क्याबाहेर बस आहे का.