पिठलं-भाकरीची केमिस्ट्री

मागच्या दिवाळीत खामगावजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा प्रोटीन पावडरच्या डब्याने जास्त जागा अडवली होती. जिमच्या ट्रेनरचा हुकूम होता, कार्ब्ज एकदम बंद! आजीने वाढलेली भाकर मी बाजूला सारली.

'काऊन व, भाकर चावते का तुले?'

उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी शेतात चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा गुपचूप अर्धी भाकर खाल्ली आणि दहावीनंतर सोडलेलं विज्ञान पुन्हा वाचायला घेतलं.

ज्वारीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. कॉम्प्लेक्स कार्ब म्हणतात ते हेच. मैद्यातही स्टार्चच असतो, पण त्याचे मणी भराभर सुटतात; कोंड्यासकट दळलेल्या ज्वारीचे सावकाश. खोटं वाटत असेल तर भाकरीचा घास तोंडात घोळवत राहा, हळूहळू गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज तेव्हा माळ तोडत असतं. आणि गंमत म्हणजे, हे अमायलेज स्वतः प्रोटीन आहे!

प्रोटीन हीदेखील माळच, पण मणी 20 प्रकारचे, अमिनो आम्लांचे. ही माळ ज्या घडीत दुमडते त्यावर तिचं काम ठरतं: केस, स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन. यातले 9 मणी शरीर बनवू शकत नाही, ते ताटातूनच यावे लागतात. ज्वारीत लायसिन कमी पडतं, हरभऱ्यात ते भरपूर. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ती कसर ज्वारी भरून काढते. म्हणजे पिठलं-भाकर! शेगावला गजानन महाराजांच्या नैवेद्याला हेच असतं, आणि मी मात्र डब्यावरचं लेबल वाचत बसले होते.

हे सगळं आजीला ऐकवायच्या तयारीत होते, तेवढ्यात तिच्या ताटाकडे लक्ष गेलं. दात गेल्यापासून ती चहात भाकर कुस्करून खाते. बस, एवढंच. जमिनीवरून उठताना भिंत धरते. आम्ही म्हणायचो, वय झालं. पण उतारवयात स्नायू झिजतात तेव्हा प्रोटीनची गरज घटत नाही, उलट वाढते. भाकरीची जोडीदार तिच्या ताटातून कधी गेली, घरात कुणाला आठवेना.

बाहेर अंगणात सोयाबीनची पोती रचलेली होती. शंभर ग्रॅममागे 36 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. त्यातलं तेल आपल्याकडे येतं, पेंड बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. घरात त्यातला दाणाही शिजत नाही. ज्वारी तर आता आम्ही विकतच आणतो.

त्या रात्री मी पिठलं केलं, पळीवाढं, तिखट बेताचं. आजीने त्यात भाकर कुस्करली, बराच वेळ काही बोलली नाही.

'मीठ कमी हाय व माय,' म्हणाली, आणि वाटी पुढे केली.