तीन सिलिंडर, शंभर सीसी आणि आपला जिल्हा

१/ नाणे, ताम्रपट, वीरगळ ही इतिहासाची साधने आहेत, हे आपण सहज मान्य करतो. मोटारसायकलीला मात्र तो मान देत नाही. या थ्रेडमध्ये जपानच्या जुन्या तीन सिलिंडरी गाड्या कशा ओळखाव्यात ते आधी पाहू. मग त्या भारतीय बाजारात का आल्या नाहीत, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत आपण त्याऐवजी काय जपले पाहिजे, याविषयी माझे मत मांडतो.

२/ आरंभ कावासाकीपासून. १९६९ ची ‘एच१ मॅक थ्री’ : ४९८ सीसी, टू-स्ट्रोक, ६० अश्वशक्ती. १९७२ मध्ये तिची थोरली बहीण ‘एच२’ आली : ७४८ सीसी, ७४ अश्वशक्ती. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे गाडी मागून पाहणे. उजवीकडे दोन सायलेन्सर, डावीकडे एक. ही विषमता हीच या घराण्याची मुद्रा.

३/ दुसरे घराणे सुझुकीचे. १९७१ ची ‘जीटी७५०’ ७३८ सीसीची आणि पाण्याने थंड होणारी; म्हणून पुढे रेडिएटर दिसतो. ब्रिटनमध्ये तिला लाडाने ‘किटली’ म्हणत, अमेरिकेत ‘पाणम्हैस’. धाकट्या जीटी३८० व जीटी५५० हवेने थंड होणाऱ्या. येथे एक चकवा आहे : सिलिंडर तीन, पण सायलेन्सर चार! मधल्या सिलिंडरचा धूर दोन नळ्यांत विभागलेला असतो. म्हणून सायलेन्सर नव्हे, स्पार्क प्लग मोजावेत.

४/ रंग, पट्टे, टाकीवरचे नाव हे सारे बदलता येते. म्हणून अभ्यासकाने क्रमांकापासून सुरुवात करावी. एच१ च्या चेसिस क्रमांकाआधी ‘केएएफ’ आणि इंजिन क्रमांकाआधी ‘केएई’ ही अक्षरे असतात. एच२ वर अनुक्रमे ‘एच२एफ’ आणि ‘एच२ई’. त्यानंतर सुटे भाग पाहावेत. पहिल्या एच१ ला पुढे ड्रम ब्रेक होता, डिस्क १९७२ पासून. शिलालेखाचा काळ अक्षरवळणावरून ठरवतात, तसेच हे.

५/ या गाड्यांचे कौतुक कशासाठी? तीन सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होतात; त्यातून टू-स्ट्रोकचा एक सलग, चढत जाणारा स्वर निर्माण होतो. वजन कमी, वेग अफाट. पण तहानही अफाट. १९७३ च्या तेलसंकटाने आणि पुढे अमेरिकेने १९७८ पासून दुचाकींना लावलेल्या धूर-नियमांनी हे युग दशकभरात आटोपले.

६/ त्या दशकात भारत कोठे होता? परवाना पद्धतीत. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी, आयात जवळपास बंद होती आणि परकीय चलन दुर्मीळ होते. अमेरिकेतील तरुण एच२ वर स्वार होत असताना आपल्याकडे स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी असे. तीन सिलिंडरांची अनुपस्थिती हा योगायोग नव्हे, ते आर्थिक धोरणाचे दृश्य रूप आहे.

७/ १९८० च्या दशकाच्या आरंभी दार किलकिले झाले. परदेशी सहकार्याला मुभा मिळाली ती १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी. इंड-सुझुकी १९८४ मध्ये, हिरो होंडा सीडी१०० आणि यामाहा आरएक्स१०० १९८५ मध्ये, पुण्याच्या बजाजची कावासाकी केबी१०० १९८६ मध्ये. आता गंमत पाहा : जगाला तीन सिलिंडर देणाऱ्या सुझुकी आणि कावासाकी याच दोन कंपन्या आपल्याकडे एका सिलिंडरानिशी आल्या.

८/ त्या भव्य युगाची एकच खरी नातलग भारतात बनली : राजदूत ३५०. यामाहा आरडी३५० वर बेतलेली, दोन सिलिंडरांची. एस्कॉर्ट्सने ती १९८३ पासून दशकाच्या अखेरीपर्यंत बनवली. मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला. मायलेज पाहणाऱ्या देशात ती फार खपली नाही. तिची कीर्ती पुढे वाढली.

९/ आता आपल्या जिल्ह्याकडे या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. त्याच सुमारास चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. वेकोलिच्या खाणी आणि बल्लारपूरची कागद गिरणी होतीच. पगारी मध्यमवर्ग आणि जपानी तंत्राची फटफटी आपल्याकडे एकाच दशकात वाढीस लागली. हा संबंध मला तीन सिलिंडरांच्या अश्वशक्तीहून अधिक मोलाचा वाटतो.

१०/ तो संबंध गाडीवर लिहिलेला असतो. ‘एमएच-३४’ (चंद्रपूर) किंवा ‘एमएच-३३’ (गडचिरोली) ही पाटी म्हणजे १९८९ नंतरची नोंदणी. त्याआधीची पाटी वेगळ्या, तीन अक्षरी मालिकेतली. आरएक्स१०० च्या क्रमांकाआरंभी ‘१एल१’ शोधा. आरसी पुस्तकातील तारण-नोंद पाहा. गाडी कोणत्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जावर आली ते तेथे कळते. असा कागद म्हणजे एका कुटुंबाचा आर्थिक इतिहास.

११/ काही मित्र म्हणतात, “खरी व्हिंटेज म्हणजे एच२, आरएक्सला कसला इतिहास?” मला हा दृष्टिकोन राजवाड्यापुरत्या इतिहासासारखा वाटतो. दुर्मीळ ते मौल्यवान, हा संग्राहकाचा निकष झाला. ज्या वस्तूने समाज बदलला ती मौल्यवान, हा इतिहासकाराचा निकष असावा.

१२/ कायदाही अजून आपल्या बाजूने नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद (क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे) होण्यासाठी वाहन ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपातले लागते. चेसिस वा इंजिनात मोठा बदल चालत नाही. म्हणजे पहिली राजदूत ३५० २०३३ मध्ये आणि पहिली आरएक्स१०० २०३५ मध्ये पात्र ठरेल. तोवर मूळ स्वरूपात किती उरतील? टाक्या कापल्या जातात, सायलेन्सर बदलले जातात, इंजिन एकीचे चेसिस दुसरीची असे जोडकाम होते, उरलेले भंगारात जाते. क्रमांक घासून नव्याने ठोकणे तर गुन्हाच आहे, आणि पुराव्याची हत्याही.

१३/ म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गाडी विकत घेण्याची गरज नाही, तिची नोंद घ्या. मालकाच्या परवानगीने दोन्ही बाजूंची छायाचित्रे, क्रमांकाची आद्याक्षरे (पूर्ण क्रमांक जाहीर करू नका), खरेदीचे वर्ष, मूळ सुटे भाग कोणते. आणि जुन्या मिस्त्रींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा. टू-स्ट्रोकचा आवाज ऐकून दोष सांगणारी ही शेवटची पिढी आहे. गोंडवाना विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये यांच्या इतिहास विभागांना हे काम एका सत्रात जमण्यासारखे आहे.

१४/ तीन सिलिंडरांच्या एच२ ची काळजी घ्यायला जगभरचे संग्राहक समर्थ आहेत. मूल किंवा ब्रह्मपुरीच्या एखाद्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या केबी१०० ला मात्र आपल्याशिवाय कोणी नाही. तुमच्या घरी, शेजारी अशी गाडी असेल तर तिचे वर्ष आणि एक छायाचित्र खाली जोडा. नोंदवहीचे पहिले पान येथेच सुरू करू.