वुझूचा नळ बारीक केलात, आता उपशाचा हिशोब मागा

उन्हाळा लागला की आमच्या लातूरकडच्या मशिदींत दोन गोष्टी हमखास येतात. वुझूखान्यात 'पाणी जपून वापरा' अशी पाटी, आणि जुम्याच्या बयानात इस्राफवर पाच मिनिटं. दोन्ही रास्त आहेत. पैगंबर (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वुझू करायचे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माझी तक्रार एवढीच आहे की हिशोब जिथे सोपा असतो तिथेच आपण तो थांबवतो.

जरा आकडेमोड करू. एका मशिदीत 500 नमाजी, दिवसातून पाच वुझू आणि दर वुझूला 3 लिटर वाचले असं धरा. वर्षाची बचत होते सुमारे 27 लाख लिटर. आता मोकाट पाणी दिलेला एक हेक्टर ऊस घ्या. त्याला वर्षाला सुमारे 2 कोटी लिटर लागतं. मशिदीने सात वर्षांत वाचवलेलं पाणी एका हेक्टरात एका पिकाला जातं.

2016 आठवा. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीला 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर. एक हेक्टर ऊस म्हणजे अशा 40 फेऱ्या. कृषी खर्च व मूल्य आयोगानेच सांगितलंय की राज्यातल्या जेमतेम 4 टक्के लागवडीवरचा ऊस सिंचनाचं सुमारे 70 टक्के पाणी घेतो.

"म्हणजे शेतकरी दोषी?" असं कुणी विचारेल. मुळीच नाही. उसाला कायद्याने ठरलेला एफआरपी आहे आणि माल घ्यायला कारखाना आहे. तूर-सोयाबीनचा भाव कितीदा तरी हमीभावाच्याही खाली जातो. शेतकरी पोटाचा विचार करून ऊस लावतो. माझा राग आहे तो पाणी उपसण्याची नोंदच न ठेवणाऱ्या व्यवस्थेवर.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. खाली किती उरलं ते त्यातून कळतं. कुणी किती काढलं ते कळत नाही. उपसा मीटरवर मोजत नाहीत, तो अंदाजाने काढतात: विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीचा सरासरी उपसा. या सरासरीत पाच जणांच्या घराचं बोअर कुठे आणि रात्रंदिवस चालणारी मोटर कुठे, हे दिसतच नाही. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे. तुमच्या गावात किती विहिरी नोंदल्यात, विचारून बघा.

काहीजण म्हणतात, हे सरकारचं काम, आपण मुसलमानांनी यात कशाला पडायचं? कारण टँकरसाठी रांगेत आपल्याच आया-बहिणी उभ्या असतात. माझ्या मोहल्ल्यात नळाची पाणीपट्टी भरूनही पाणी विकत घ्यावं लागतं. शिवाय फक्त कब्रस्तान आणि उर्दू शाळेच्या प्रश्नावरच तोंड उघडलं, तर शहराच्या बाकी प्रश्नांत आपल्याला कोण मोजणार?

म्हणून दोस्तांनो, पहिलं काम घरचं. मशिदीच्या बोअरला मीटर बसवा आणि दर जुम्याला आकडा फळ्यावर लिहा. स्वतःचं मोजणाऱ्यालाच दुसऱ्याला विचारायचा हक्क पोचतो. दुसरं काम, माहिती अधिकाराचे तीन अर्ज. मांजरा प्रकल्पातून यंदा पिण्याला, उद्योगाला आणि सिंचनाला किती पाणी दिलं? आपल्या तालुक्यात नोंदणीकृत विहिरी किती? आपल्या प्रभागात टँकरच्या फेऱ्या किती झाल्या, आणि ते टँकर भरले कुठे? उत्तरं आली की ती ग्रामसभेत, वॉर्डसभेत मोठ्याने वाचा. शेजारच्या मराठा, दलित, धनगर पोरांना सोबत घ्या, त्यांच्याही घरी हंडे रिकामेच आहेत.

पाणी अमानत आहे असं आपण मिंबरवरून सांगतो. मग त्या अमानतीची वही कुणाकडे आहे, हेही तिथूनच विचारायला हवं. आणि ते टाक्या भरलेल्या असताना, पावसाळा संपताच विचारायला हवं. मे महिन्यात विचारून फक्त टँकर मिळतो.