आठ विरुद्ध आठ

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. दोन कारखाने आहेत. दोन्हीत आठ-आठ कामगार. पहिला कारखाना २०१२ सालचा, दुसरा २०२० सालचा. पूर्ण जोरात चालताना पहिल्याला जेवढी वीज लागते, तिच्या पाव हिश्श्यातही दुसऱ्याचं भागतं. शिवाय एकाशी एक अशी शर्यत लावली, तर दुसऱ्याचा कामगार जिंकतो. मग पहिल्या कारखान्याला कुलूप लावायचं का?

थांबा, लगेच "हो" म्हणू नका!

हे कारखाने म्हणजे संगणकातले प्रोसेसर, बरं का. पहिला इंटेल कंपनीचा 'झिऑन ई५-२६८०'. तो सर्व्हरसाठी बनवलेला. सर्व्हर म्हणजे एकाच वेळी शेकडो जणांची कामं करणारा, रात्रंदिवस चालू राहणारा मोठा संगणक. दुसरा अ‍ॅपल कंपनीचा 'एम१', मांडीवर मावणाऱ्या लॅपटॉपमधला. कामगार म्हणजे त्यांचे कोअर. दोघांकडे आठ-आठ.

आता गंमत बघा. प्रोसेसर ठोक्यावर चालतो, जशी आपली कवायत ड्रमच्या ठोक्यावर चालते. झिऑनचा कोअर जोर लावला की सेकंदाला ३.५ अब्ज ठोके घेतो. एम१चा ३.२ अब्ज. म्हणजे ठोके झिऑनचेच जास्त! तरी तो मागे का पडतो?

समजा, दोन मुलं विटा वाहताहेत. पहिला भराभर पावलं टाकतो, पण एका खेपेला चारच विटा उचलतो. दुसरा किंचित सावकाश चालतो, पण एका खेपेला आठ उचलतो. भिंत कोणाची आधी होईल? झिऑनचा कोअर एका ठोक्याला साधारण चार सूचना हातात घेतो, एम१चा मोठा कोअर आठपर्यंत घेऊ शकतो. प्रत्येक ठोक्याला पूर्ण आठ सूचना तयार असतातच असं नाही. तरी एकट्या कोअरचं काम मोजलं, तर एम१ साधारण दुपटीने पुढे असतो.

दुसरं कारण स्वयंपाकघरात सापडेल. फोडणी टाकताना आईचा मिसळणाचा डबा हाताशी असतो. मोहरीसाठी दर वेळी वाण्याकडे धावावं लागलं, तर भाजी करपेल! प्रोसेसरकडेही असा हाताशी डबा असतो, त्याला कॅश म्हणतात. झिऑनच्या प्रत्येक कोअरला सूचना ठेवायला ३२ केबीचा डबा आहे. एम१च्या मोठ्या कोअरला १९२ केबीचा, म्हणजे सहापट.

आता विजेचा हिशोब. झिऑन एकटा पूर्ण भाराखाली सुमारे १३० वॉट खातो. एम१ असलेल्या मॅकबुक एअरबरोबर मिळणारा चार्जरच मुळी ३० वॉटचा होता! त्या लॅपटॉपमध्ये पंखासुद्धा नाही. १००० वॉट एक तास वापरले की एक युनिट होतं. झिऑन महिनाभर रात्रंदिवस पूर्ण जोरात चालला तर? १३० गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे ९३,६०० वॉट-तास. झाली ९३.६ युनिटं, आणि तीही फक्त प्रोसेसरची! ३० वॉटचा हिशोब तुम्ही करा.

मग झिऑन हरला? अजिबात नाही. एम१च्या आठ कामगारांत चारच पहिलवान आहेत, उरलेले चार काटकसरी, हलकी कामं करणारे. झिऑनचे आठही सारखेच दमदार. पंखा नसल्यामुळे मॅकबुक एअर बराच वेळ जड काम करत राहिला, की तापू नये म्हणून वेग कमी करतो. सर्व्हरचे पंखे मात्र घोंघावत राहतात आणि काम चालू राहतं. एम१ला मेमरी मिळते जास्तीत जास्त १६ जीबी, झिऑनला ३८४ जीबीपर्यंत. शिवाय एका सर्व्हरमध्ये असे दोन झिऑन शेजारी-शेजारी बसवता येतात.

आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे राखणदारी. सर्व्हरच्या मेमरीत दर ६४ बिटांमागे ८ जादा बिटं राखणीला ठेवतात. कधी एखादं बिट चुकून ० चं १ झालं, तर ते ओळखून तिथल्या तिथे दुरुस्त होतं. बँकेच्या खात्यात असा एक आकडा उलटला तर काय होईल, विचार करा!

आता थोडं पालकांसाठी. जुन्या सर्व्हरचे प्रोसेसर घालून जोडलेले संगणक स्वस्तात मिळतात. "आठ कोअर, सर्व्हरचा माल!" असं ऐकलं की कोणालाही मोह पडेल. पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा. या झिऑनमध्ये चित्र दाखवणारा भाग नसतो, मग वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलंय का? विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या प्रोसेसरच्या यादीत तो नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग त्यावर काय चालवणार? लिनक्स चालतं, पण ते शिकवणारं कोणी आहे का? आणि तिसरं, विजेचं बिल कोण भरणार? मुलाला निबंध लिहायचा असेल, चित्रं काढायची असतील, तर साधा नवा लॅपटॉप बरा. शाळेला तीस मुलांचं काम एका जागी साठवायचं असेल, तर तोच जुना सर्व्हर अजून उपयोगी पडेल.

बैल आणि घोडा यांत चांगला कोण, हे नांगरणी करायची की निरोप पोचवायचा, त्यावर ठरतं. आकड्यांचं तसंच आहे. आधी काम ठरवा, मग आकडे वाचा.

या आठवड्याचा उद्योग : घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. चार्जर भिंतीतून काढूनच हातात घ्यायचा हं! त्यावर 'आउटपुट'पुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा, वॉट मिळतील. उदाहरणार्थ, २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. मग वर्गात सगळ्यांनी आपापले आकडे फळ्यावर लिहा आणि सांगा, तुमच्या घरचा 'कारखाना' किती खातो?