सिनेमा गेटबाहेर कधी येणार?

सध्या बहुतेक कॉलेजांत एक तरी फिल्म क्लब असतोच. इन्स्टावर पोस्टर पडतं, सेमिनार हॉलमध्ये पंचवीस-तीस जण जमतात, सिनेमा संपल्यावर कॅन्टीनमध्ये चहावर चर्चा रंगते. मस्तच आहे हे. पण तोच सिनेमा कॉलेजच्या गेटसमोरच्या चाळीत किंवा वस्तीत का जात नाही, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय?

प्रश्न आत्ताच विचारायला हवा. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमानं सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलं. आपण सगळ्यांनी स्टोरी टाकली, अभिमान वगैरे वाटला. पण परदेशात गाजलेला सिनेमा आपल्या गल्लीत पोचेलच असं नाही. मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत ही तक्रार इतकी जुनी, की २०१५ मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइममध्ये हात घालावा लागला. आणि शो लागला तरी चौघांची तिकिटं, रिक्षा, पॉपकॉर्न असा हिशेब मांडला, की बरीच घरं ‘टीव्हीवर येईल तेव्हा बघू’ म्हणतात.

पडदा आपल्याला नवीन नाही

आईबाबांना विचारून बघा. गणपतीत रस्त्यावर आडवा पडदा लावून सिनेमे दाखवायचे. पुढे जागा नाही मिळाली, तर पडद्यामागे बसून उलटा सिनेमा बघायचा! जत्रांमध्ये तंबू टॉकीज असायच्या. मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून जगभरचे सिनेमे दाखवतंय. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) तर वस्त्यावस्त्यांमध्ये दाखवला गेला, कारण गोष्टच तिथल्या माणसांची होती.

आता प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो, लॅपटॉप आहेच. मग अडतं कुठं?

कायद्याचं कुंपण

आधी हे समजून घ्या. कॉलेजच्या उपक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित लोक असतील, तर सिनेमा दाखवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. गेटबाहेर पडलात की ती सूट संपली. तिथं हक्कदाराची परवानगी लागते, सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरी बघण्यासाठी असतं, ते चौकात लावता येत नाही. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांना सोय, आणि समोरच्या वस्तीला अडथळे.

वाटा मात्र आहेत. चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. १९३६ चा ‘संत तुकाराम’ त्या मुदतीच्या कधीच बाहेर गेलाय. शिवाय लघुपट बनवणारी मुलं आपल्याच वयाची असतात, त्यांना प्रेक्षक हवेच असतात. एक मेल टाका, लेखी होकार घ्या, प्रमाणपत्राचंही विचारून घ्या.

केरळवाल्यांनी काय केलं?

पण कागदपत्रं जमली म्हणून लोक येतीलच असं नाही. इथं केरळचं उदाहरण बघा. १९८४ मध्ये जॉन अब्राहम आणि मित्रांनी ‘ओडेसा कलेक्टिव्ह’ सुरू केलं. (बॉलिवूडवाला जॉन नव्हे हां, हे पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेले मल्याळी दिग्दर्शक.) निर्मात्याच्या दारात न जाता ते गावोगाव फिरले, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवला आणि लोकांकडून पैसे जमवले. त्यातून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियन’ तयार झाला, आणि तोही असाच फिरून दाखवला.

यातली गंमत आपल्याला लगेच कळते, कारण आपण वर्गणीवाले लोक आहोत. फुकट आलेल्या कार्यक्रमाला माणूस येतो आणि जातो. दहा रुपये दिले की तो हिशेब विचारतो, खुर्च्या लावतो, ‘पुढच्या वेळी हे दाखवा’ म्हणतो. ‘आम्ही तुम्हाला चांगला सिनेमा दाखवतो’ असा आव आणून गेलात, तर पहिल्या शोला गर्दी आणि दुसऱ्याला शुकशुकाट ठरलेला.

मग करायचं काय?

सिनेमा निवडण्याआधी वेळ निवडा. उघड्यावर अंधार पडल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. घरातल्या बायकांची कामं साडेआठच्या आत उरकत नाहीत. आणि दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, त्याची परवानगीही आधी काढावी लागते. हातात उरतो दीड तास! त्यात अडीच तासांचा सिनेमा बसवलात, तर प्रेक्षकांत फक्त पुरुष आणि पोरं दिसतील. त्यापेक्षा दोन लघुपट दाखवा, वीस मिनिटं गप्पांना ठेवा.

जागा वस्तीतलीच घ्या. वाचनालय, समाजमंदिर, मंडळाचा मांडव, काहीही चालेल. सुरुवातीला तिथल्याच भजनी मंडळाला किंवा शाहिराला दहा मिनिटं द्या, पोरांची चित्रं भिंतीवर लावा. मग कार्यक्रम त्यांचा होतो, आपण मदतनीस. पहिल्या वेळी पंधराच जण आले तरी चालेल, पण महिन्याचा ठरलेला वार मोडू नका.

क्लबच्या पुढच्या मीटिंगमध्ये ‘कुठला सिनेमा लावायचा?’ यावर तासभर भांडण होणारच आहे. त्याआधी दोघा-तिघांनी गेट ओलांडून समोर विचारून या, ‘तुम्हाला काय बघायला आवडेल?’ भांडणाचा निकाल कदाचित तिथंच लागेल.